सवलतीच्या दुकानांत रोखीने बिल: सुट्टे, चिकटवलेल्या नोटा आणि राउंड ऑफचा घोळ

सिडकोची_पिशवी

सासू-सासऱ्यांसाठी विचारते आहे. दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे, फोनवरून पैसे देणं त्यांना नको आहे. पेन्शन रोख काढतात आणि महिन्याचं सामान नाशिकच्या सिडको-इंदिरानगर भागातल्या मोठ्या सवलतीच्या दुकानांतून आणतात. भाव खरंच कमी असतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पैसे देतानाची आहे.

रोखीचा काउंटर एकच चालू असतो आणि ते कळतं रांगेत नंबर लागल्यावर. बंदी ५०० ची नोट पुढे केली की 'सुट्टे द्या'. परत तीन रुपये द्यायचे असले की दोन चॉकलेटं हातावर. १० चं नाणं नको, बारकं १ रुपयाचं नाणं नको, मधोमध चिकटपट्टी लावलेली ५० ची नोट तर अजिबात नको. बिलावर ८४६.५० चे ८४७ होतात. आणि रोख देत असूनही मोबाइल नंबर मागतात.

यातलं दुकानदाराने घ्यायलाच हवं असं काय आणि आपण गोडीने मागायचं असं काय, ते नेमकं सांगा. फाटक्या नोटा कुठे द्यायच्या? घरातून निघताना पाकिटात काय असलं की हा त्रास कमी होईल? 'त्यांना यूपीआय शिकवा' हे उत्तर कृपया नको.

---

गल्ल्यामागून

कॅशियर सुट्टे दडवून बसतो हा समज आधी सोडा. तिथे हिशोबच तसा आहे.

पाळी सुरू होताना काउंटरला मोजून सुट्टे मिळतात. ३,००० चे धरा: शंभरच्या १०, पन्नासच्या १२, वीसच्या ३०, दहाच्या ५०, नाण्यांत पाचची ४०, दोनची ३०, एकची ४०. आता १६० च्या बिलाला कुणी बंदे पाचशे दिले. परत ३४०, म्हणजे शंभरच्या ३ आणि वीसच्या २. अशी तीन गिऱ्हाइकं झाली की शंभरची एकच नोट उरते. चौथ्यापासून पन्नासच्या नोटांना हात लागतो आणि सहाव्या गिऱ्हाइकाला त्याही संपतात. सातव्याला ३४० परत करायचे तर वीसच्या उरलेल्या ८ आणि दहाच्या १८ नोटा मोजून द्याव्या लागतात. दुकान उघडून अजून तासही झालेला नसतो.

पूर्वी हा गल्ला दिवसभरात आपोआप भरायचा. पन्नास-शंभराचं सामान घेणारे लोक दहा-वीसच्या नोटा देऊन जायचे. आता तीच छोटी बिलं स्कॅन करून होतात. रोख देणारा उरला तो एटीएममधून पाचशेच्या नोटा काढून थेट आलेला. त्यामुळे गल्ल्यात मोठ्या नोटा येत राहतात आणि बारक्या फक्त बाहेर जातात. वर किमतींची शेपटं नऊची. ९९ च्या तीन वस्तू घेतल्या की २९७, म्हणजे तीन रुपये परत. हे दर बिलाला होतं, म्हणून एक-दोनची नाणी सगळ्यात आधी आटतात आणि चॉकलेटची बरणी पुढे येते. चॉकलेट देणं बरोबर आहे असं म्हणत नाही, ती वेळ का येते तेवढं सांगतोय.

पाकिटाबद्दल. एक, दोन, दोन, पाच ही चार नाणी जवळ असली की १ पासून १० पर्यंत कुठलीही रक्कम जुळते. दहा, वीस, वीस, पन्नास या चार नोटांनी पुढचे दहाचे सगळे टप्पे १०० पर्यंत जुळतात. शंभर, दोनशे, दोनशे, पाचशे या चार नोटांनी १,००० पर्यंतचे शेकडे. एकूण १२ नग, रक्कम १,१११ ला एक कमी. त्यांत १ पासून १,११० पर्यंतचं कुठलंही पूर्ण रुपयांचं बिल तंतोतंत देता येतं. महिन्याच्या सामानासाठी हा संच आणि वर लागतील तेवढ्या पाचशेच्या नोटा. घरी आल्यावर जो नग खर्च झाला तो डब्यातल्या चिल्लरीतून परत भरायचा, हे विसरलं की पुढच्या खेपेला तोच वैताग.

तंतोतंत जमत नसेल तर परतीची रक्कम गोल करा. बिल ६८३ आहे, तर ७०० देऊन १७ मागू नका. ७०३ द्या, वीसची एक नोट परत येते. ५२७ ला १,०२७ दिले की पाचशेची नोट परत, गल्ल्यातली चिल्लर शाबूत.

पण क्रम महत्त्वाचा. कॅशियर हातात आलेली रक्कम मशीनमध्ये टाकतो आणि परतीचा आकडा मशीन दाखवतं. तुम्ही आधी ७०० दिले, त्याने ७०० टाकले, ड्रॉवर उघडला, आणि मग तुम्ही पाकीट चाचपत 'हे घ्या वरचे तीन' म्हणालात, तर त्याला तोंडी हिशोब करावा लागतो. रांग मागे खोळंबलेली असते आणि चूक नेमकी इथे होते. रात्री गल्ला कमी भरला तर अनेक ठिकाणी तो त्याच्या पगारातून जातो, म्हणून काही जण वरचे तीन घ्यायलाच नकार देतात. तेव्हा आधी चिल्लर पुढे करा, तोंडाने 'सातशे तीन देतेय' म्हणा, मग नोटा द्या.

ड्रॉवर बिल झाल्याशिवाय उघडत नाही. मध्येच उघडायचा तर सुपरवायझरची किल्ली किंवा पासवर्ड लागतो. त्यामुळे सामान न घेता 'पाचशेचे सुट्टे करून द्या' म्हटलं आणि नाही म्हणाले, तर त्याला उर्मटपणा समजू नका.

वेळ निवडता येत असेल तर मधल्या वारी सकाळी, दुकान उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली संध्याकाळ आणि रविवार टाळाच. रोखीचा काउंटर कुठला ते रांगेत उभं राहण्याआधी दारातल्या माणसाला विचारायचं.

---

नवे_नाशिक_जुनी_नोट

१० चं नाणं नाकारणं म्हणजे देशद्रोहाचा गुन्हा आहे, कलम १२४अ. पोलिसांना बोलावतो म्हणा, लगेच घेतील.

---

खिडकी_क्रमांक_३

वरचं साफ चुकीचं आहे. व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय. १२४अ चा नाण्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि ते कलम ज्या भारतीय दंड संहितेत होतं ती १ जुलै २०२४ पासून लागू नाही. काउंटरवर अशी धमकी दिली की समोरचा कॅशियर सुपरवायझरला बोलावतो आणि काम आणखी अडतं.

खरं काय ते सांगतो. नाण्यांसाठी २०११ चा नाणे कायदा आहे. एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १,००० रुपयांपर्यंत वैध चलन आहेत. आठ आण्याचं नाणं आजही चालू आहे, पण १० रुपयांपर्यंतच, म्हणजे वीस नाणी. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. म्हणजे दीड हजाराचं बिल कुणी सगळं चिल्लरीत द्यायला निघालं तर दुकानदार नाही म्हणू शकतो. शंभराच्या बिलाला दहाची दहा नाणी दिली तर त्याला नाण्यांवर बोट ठेवायला जागा नाही.

१० च्या नाण्याची अफवा डिझाइनमुळे पसरली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की १० चं नाणं तोवर १४ वेगवेगळ्या डिझाइनमध्ये आलेलं आहे आणि सगळी वैध आहेत. रुपयाचं चिन्ह २०११ मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यांवर ते नसणारच. शंका घेणाऱ्याला १४४४० लावायला सांगा. फोन आपोआप कट होतो, मग त्याच नंबरवरून उलट फोन येतो आणि रेकॉर्ड केलेली माहिती ऐकायला मिळते. वाद घालण्यापेक्षा हे लवकर पटतं. बारकं १ रुपयाचं नाणं लोक आठ आण्याचं समजून परत करतात. उलटं करून त्यावरचा आकडा दाखवायचा, बस.

आता नोटा. दोन तुकड्यांत फाटलेली, पण दोन्ही तुकडे त्याच नोटेचे, काहीही गहाळ नाही आणि नीट चिकटवलेली, अशी नोट बँकेच्या भाषेत फक्त 'मळलेली' ठरते आणि तिची पूर्ण किंमत मिळते. तुमची ५० ची नोट बहुधा याच प्रकारातली. एखादा भाग गहाळ असला किंवा दोनपेक्षा जास्त तुकडे असले की ती 'फाटकी', आणि मग क्षेत्रफळ मोजलं जातं. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा निम्म्याहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काही नाही. ५० आणि त्यावरच्या नोटांना तो तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली शून्य. आत्ताची ५०० ची नोट ६६ बाय १५० मिलिमीटर, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. पूर्ण पैशांसाठी साधारण ८० चौरस सेंटिमीटरचा सलग तुकडा हवा. म्हणून चिकटपट्टी लावताना तुकडे एकमेकांवर चढवू नका, आणि जाड तपकिरी पट्टी तर नकोच. नंबर झाकला गेला की खिडकीवर पंचाईत.

ही बदली कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत होते, तिथे खातं असावं लागत नाही. दिवसाला २० नोटा आणि ५,००० रुपयांपर्यंत मळलेल्या नोटा खिडकीवरच आणि फुकट बदलून मिळायला हव्यात. फाटक्या नोटा पाचपर्यंत असतील तर साध्या शाखेनेही शक्यतो तिथल्या तिथे ठरवून पैसे द्यायचे असतात. जमलं नाही तर पावती देऊन नोटा करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाण्यांचा साठा) असलेल्या शाखेकडे पाठवतात. 'आमच्याकडे होत नाही' असं म्हणाले तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, चौकशीचा क्रमांक १४४४८. पेनाने आकडेमोड केलेली नोट चालते. राजकीय किंवा धार्मिक घोषणा लिहिलेली मात्र बाद, तिचे पैसे मिळत नाहीत.

घरी २,००० ची नोट सापडली तर दुकानात नेऊ नका. मे २०२३ मध्ये ती चलनातून मागे घेतली. वैध आहे, पण ९ ऑक्टोबर २०२३ पासून ती फक्त रिझर्व्ह बँकेच्या १९ कार्यालयांत घेतात. नाशिकला सोयीचं म्हणजे मुंबई किंवा बेलापूर. नाहीतर टपालाने पाठवायची, पैसे खात्यात जमा होतात.

आणि पेन्शन काढतानाच निम्मं काम करून घ्या. विड्रॉवल स्लिपच्या मागे हव्या त्या नोटांची फोड लिहायची: शंभरच्या २०, पन्नासच्या १०, वीसच्या २५ वगैरे. नाणी मागितली तर शंभर नगांच्या पिशवीत येतात. पाचच्या नाण्यांची पिशवी ५०० रुपयांची, दोघांना दोन-तीन महिने पुरावी. एटीएमवरून काढत असाल तर ३,००० ऐवजी २,९०० टाका. २,५०० पाचशेच्या नोटांत आले तरी ४०० बारक्या नोटांत द्यावेच लागतात. मार्च २०२६ अखेरपर्यंत ९० टक्के एटीएममधून १०० किंवा २०० च्या नोटा मिळाल्या पाहिजेत असं रिझर्व्ह बँकेने २८ एप्रिल २०२५ ला बँकांना कळवलं होतं. पण चारशे-चारशे करून पुन्हा पुन्हा काढू नका. आपल्याच बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट, नाशिक महानगरांच्या यादीत नसल्याने दुसऱ्या बँकेच्या एटीएमवरही पाच, नंतर प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत शुल्क अधिक कर.

(आणि हो, नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून छापल्या जातात म्हणून इथे सुट्टे जास्त मिळायला हवेत, हा विनोद दर महिन्याला कुणीतरी करतंच. प्रेसमधून माल रिझर्व्ह बँकेकडे जातो, तिथून करन्सी चेस्टला, मग शाखांना. गावात छापलं म्हणून गावात वाटत नाहीत.)

---

पावती_जपून_ठेवा

राउंड ऑफबद्दल. ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर खाली, अशी रीत आहे. ८४६.५० चे ८४७ झाले तर ८४६.४९ चे ८४६ व्हायला हवेत. दुकानवाले यासाठी जीएसटी कायद्याचं कलम १७० सांगतात, पण ते कलम सरकारला भरायच्या कराची, व्याजाची, दंडाची रक्कम जवळच्या रुपयाला आणण्याबद्दल आहे. गिऱ्हाइकाच्या एकूण बिलाशी त्याचा थेट संबंध नाही. बिलात एवढंच बघा की राउंड ऑफची ओळ एकच आहे, ती सगळ्यात शेवटी आहे आणि कधी अधिक तर कधी उणे येते. सहा महिन्यांच्या पावत्यांत ती नेहमी अधिकच दिसली तर शंका घ्यायला जागा आहे. सुट्ट्या डाळी-तांदळाच्या ओळींत पैसे येतातच, कारण वजन ०.४८६ किलो असं असतं. तिथे प्रत्येक ओळ वर चढवून घेतलेली असेल तर हटकायचं.

खरा तोटा राउंड ऑफमध्ये नसतो, शेल्फवरच्या भावात आणि बिलातल्या भावात असतो. सवलत संपलेली, पट्टी मात्र तशीच. रोख देणाऱ्याने पैसे देण्याआधी स्क्रीन बघावी. एकदा गल्ल्यात रोख गेली की बिल रद्द करायला सुपरवायझर लागतो आणि अनेक ठिकाणी रोख परत न देता क्रेडिट नोट (पुढच्या खरेदीत वळती करायची चिठ्ठी) देतात.

चॉकलेट घेण्याची सक्ती नाही. न मागितलेली वस्तू गळ्यात मारता येत नाही. शांतपणे म्हणायचं, 'चॉकलेट नको, बिलावर तीन रुपये बाकी लिहून सही-शिक्का द्या.' हे म्हटल्यावर बहुतेक वेळा कुठून तरी नाणी निघतात. नाही निघाली तर लिहून घ्या, पुढच्या बिलात वळते करा. गल्ल्यामागून यांनी सांगितलेली अडचण खरी असली तरी तिची भरपाई गिऱ्हाइकाने करायची नाही.

मोबाइल नंबर देणं बंधनकारक नाही. विक्रेत्यांनी नंबरसाठी अडून बसू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये सांगितलं आहे. 'नंबर नको, छापील बिल द्या' एवढंच म्हणा. नवा कॅशियर गोंधळला तर सुपरवायझरला बोलवा. बहुतेक ठिकाणी तो रकाना रिकामा सोडता येतो. रोखीने घेतलेल्या सामानाला छापील बिल हाच एकमेव पुरावा, बँकेच्या नोंदीत काहीच दिसत नाही. तो कागद थर्मल असतो, उन्हात किंवा प्लास्टिकच्या पाकिटात काही महिन्यांत कोरा पडतो. घरी आल्यावर सुनेने फोटो काढून ठेवावा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. तक्रार आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा, मराठीतही बोलता येतं. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग; ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. तीन रुपयांसाठी आयोगापर्यंत कुणी जात नाही हे दुकानालाही माहीत असतं, म्हणून १९१५ चा फोन जास्त उपयोगी.

'येथे फक्त डिजिटल' अशी पाटी असेल तर काय? रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम २६ नोट देशभर वैध चलन असल्याचं सांगतं. मात्र नोट नाकारणाऱ्या दुकानदाराला दंड त्या कलमात लिहिलेला नाही. म्हणून पाटी आधी वाचा आणि सामान गोळा करण्याआधीच विचारा.

---

रविवार_कारंजा

यूपीआय शिकवा म्हणत नाही, ताई. पण तुम्ही सोबत असाल तेव्हा बिल विभागून द्या: १,५८३ असेल तर १,५०० रोख त्यांचे आणि ८३ तुमच्या फोनवरून. बहुतेक बिलिंग मशीनवर हे होतं. फक्त कॅशियरने 'रोख' बटण दाबायच्या आधी सांगायचं.

चिल्लरीसाठी आणखी एक जागा म्हणजे गोदाकाठचा बुधवारचा बाजार. भाजीवाल्यांकडे सकाळी दहा-वीसच्या नोटा आणि नाणी असतात. शंभरची नोट द्या, तीस-चाळीसची भाजी घ्या, सुट्टे आपोआप जमतात. पाचशेची नोट मात्र तिथे काढू नका.

---

सिडकोची_पिशवी

बारा नगांचा संच आजच लावला, सासूबाईंनी नोटांना आणि नाण्यांना वेगळे कप्पे केले. एकच राहिलं. पाचशेची नोट निळ्या दिव्याखाली धरून 'ही नको, दुसरी द्या' म्हणाले तर काय करायचं? आणि परत मिळालेली पाचशेची नोट त्यांनी जागच्या जागी कशी तपासायची? दोघांनाही बारीक अक्षर दिसत नाही.

---

खिडकी_क्रमांक_३

अक्षर वाचावं लागत नाही. नोट तिरकी करायची: मधला धागा हिरव्याचा निळा दिसला पाहिजे, आणि खाली उजवीकडचा ५०० चा आकडाही हिरव्याचा निळा. मग डाव्या-उजव्या कडांवरून अंगठा फिरवायचा, दोन्हीकडे पाच-पाच उठावाच्या रेघा लागतात. २०० आणि १०० च्या नोटेला त्या चार-चार असतात. नोट फार वापरलेली असेल तर उठाव कमी लागतो, तेव्हा रंग बदलतो का त्यावर भर द्या. हे काउंटर सोडण्याआधी करायचं. नंतर परत गेलात तर ती नोट त्यांचीच होती हे सिद्ध करता येत नाही.

दुकानाने नाकारलेली नोट भांडण न करता परत घ्या आणि दुसरी द्या. निळ्या दिव्याखाली साबणाने धुतली गेलेली खरी नोटही चमकते, त्यामुळे ती खोटीच असेल असं नाही. दुसऱ्या दुकानात खपवून बघू नका. खोटी आहे हे माहीत असून पुढे सरकवणं गुन्हा आहे. बँकेत दाखवा. खरी निघाली तर खात्यात भरा. खोटी निघाली तर बँक शिक्का मारून ठेवून घेते, पैसे मिळत नाहीत, पण पोच पावती देते. ती मागून घ्या. एका वेळी चारपर्यंत नोटा असतील तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त असतील तर थेट गुन्हा नोंदवला जातो, म्हणून संशयास्पद नोटा साठवून एकदम नेऊ नका, सापडली की त्याच आठवड्यात न्या.